नमुना लॅपटॉप: तपासणीच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय. आमची चौदा जुनी यंत्रं विंडोज ११ घ्यायला तयार नाहीत. काहींत टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) नाही, बाकीच्यांचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाहीत. तेव्हा चौदा नवे लॅपटॉप घ्यायचे आणि तेही स्वस्तातले, एवढं वरून ठरून आलंय. पुरवठादाराने एक नमुना महिनाभरासाठी दिलाय. तो वापरून बघायचा आणि घ्यावा की नाही ते एका पानात लिहून द्यायचं, हे माझं काम. ही त्या पानासाठीची कच्ची वही.

चौदापैकी नऊ यंत्रं दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यांच्या टेबलांवर जातील, दोन हिशेबाकडे, तीन बाहेर फिरून नोंदी आणणाऱ्यांकडे.

खोका उघडला. १५.६ इंची स्क्रीन, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. काट्यावर १.६८ किलो, चार्जर वायरीसकट २९० ग्रॅम. अंग सगळं प्लास्टिकचं, वर घासलेल्या धातूसारख्या रेघा. रेघा छापील आहेत, नख फिरवलं की कळतं. त्यात गैर काही नाही, पण बोटांचे डाग मात्र अगदी खऱ्या धातूवर बसावेत तसे बसतात.

डिस्क ४७६ जीबी दिसते. हिशेबाच्या मॅडमनी बघताक्षणी विचारलं, "उरलेली ३६ कुठे गेली?" कुठेच गेली नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. मॅडमना पटलं, पण आवडलं नाही.

गुणांचा तक्ता आखून ठेवला: प्रोसेसर २५, रॅम आणि डिस्क २५, बॅटरी २०, स्क्रीन १५, बांधणी १०, कीबोर्ड-टचपॅड ५.

३ जून, मंगळवार

झाकण. एका हाताने उघडत नाही. झाकणाबरोबर बूडही टेबलावरून उठतं, मग दुसऱ्या हाताने ते दाबून धरायचं. सामान तोलायचा स्प्रिंगकाटा झाकणाच्या कडेला मधोमध अडकवून ओढून पाहिलं. बूड धरून ठेवलं तर साधारण ८०० ग्रॅमच्या ओढीला झाकण हलतं. न धरता ओढलं तर त्याआधीच बूड अधांतरी.

बिजागरी घट्ट असणं वाईटच असं नाही. ढिली असती तर टाइप करताना स्क्रीन डुलली असती, ही डुलत नाही. पण घट्ट बिजागरी आणि लवचीक प्लास्टिक अशी जोडी असली की कोपऱ्याला धरून उघडणाऱ्याचा सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो. दिवसभर मुद्दाम लक्ष ठेवलं. अकरा जणांनी कुतूहलाने उघडून पाहिला, त्यातल्या आठ जणांनी उजव्या कोपऱ्याला धरून. बोट घालायला मधोमध खाच दिलीय, पण ती इतकी उथळ आहे की डोळ्यांना सापडत नाही आणि बोटालाही नाही.

कीबोर्डवर स्क्रीन मिटायची ही रचना १९८२च्या ग्रिड कंपासपासूनची, बिल मॉग्रिज यांनी आखलेली. त्या यंत्राचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं. रचना तशीच राहिली, अंग प्लास्टिकचं झालं, आणि पीळ सोसायचं काम चार-सहा स्क्रूंवर आलं. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही. पुरवठादाराची परवानगी मागितलीय.

५ जून, गुरुवार

स्क्रीन. १९२० बाय १०८०, म्हणजे इंचाला १४१ ठिपके. पॅनेल कुठल्या जातीचं ते माहितीपत्रकात नाही, पण ते लपत नाही. खालून पाहिलं की फोटोतले चेहरे निगेटिव्हसारखे उलटतात, वरून पाहिलं की सगळं फिकट पडतं. हे टीएन, स्वस्तातल्या जातीचं पॅनेल. डाव्या-उजव्या बाजूने फारसं बिघडत नाही, वर-खाली मात्र मान जरा हलली तरी करडा रंग बदलतो. खुर्चीत रेलणाऱ्याला एक पान दिसतं, ताठ बसणाऱ्याला दुसरं. बाहेर फिरणाऱ्या तिघांना समोर उभ्या असलेल्या माणसाला नोंद दाखवून "बरोबर आहे ना?" असं विचारावं लागतं. त्या उभ्या माणसाला धुकं दिसेल.

मराठी अक्षराची परीक्षा मी "सर्वांनी" या शब्दावर घेते. रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात, तिथे पडद्याची लबाडी उघडी पडते. ११ पॉइंटचं अक्षर १०० टक्के मापावर जेमतेम १५ ठिपक्यांचं होतं, आणि या पडद्यावर ते दिसतंही बारीक. रफार-अनुस्वार एकमेकांत शिरले, शब्द "सर्वानी" वाटायला लागला. मुद्रितं तपासणाऱ्याचा घात. माप १२५ टक्के केलं, दोघं सुटे झाले. त्या बदल्यात पानाची उंची कमी झाली. वर रिबन, खाली टास्कबार, मधे २२ ओळी.

चांगलंही लिहायला हवं. पृष्ठभाग मॅट आहे, खिडकीकडे पाठ करून बसलं तरी आरसा होत नाही. उजेड कमी करून फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, पट्टे सरकत नाहीत, म्हणजे डोळ्यांना त्रास देणारी लुकलुक निदान ठळक तरी नाही.

६ जून, शुक्रवार

कीबोर्ड. तीन पानी अहवाल सलग टाइप केला. बटणांमधलं अंतर नेहमीचं, १९ मिलिमीटरच्या आसपास. दाब स्पष्ट, आवाज कमी. मधोमध जोरात दाबलं की पत्रा खचल्यासारखा होतो, पण तेवढ्या जोरात टाइप कोण करतं? बटणांखाली दिवा नाही.

उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा आहे, त्यामुळे अक्षरांचा भाग डावीकडे सरकलाय. जी आणि एच यांच्यामधली रेघ स्क्रीनच्या मध्यापासून सुमारे ४ सेंटिमीटर डावीकडे. तासाभराने जाणवलं की मी खुर्चीच डावीकडे सरकवून घेतलीय. हिशेबाच्या मॅडम मात्र त्या पट्ट्यावर खूश. त्यांची एकच तक्रार: चालू-बंद करायचं बटण पट्ट्याच्या अगदी वर, इतर बटणांच्याच आकाराचं. दोनदा यंत्र झोपी गेलं. ते बटण दाबल्यावर काही करू नये असं कंट्रोल पॅनेलमध्ये सांगून ठेवलं. मिनिटाचं काम, पण चौदा यंत्रांवर आठवणीने करायचं काम.

कीबोर्ड-टचपॅड: ५ पैकी ४.

९ जून, सोमवार

टचपॅडचा वरचा तिसरा हिस्सा दबतच नाही. त्याची बिजागरी वरच्या कडेला आहे, तलावात उडी मारायच्या फळीसारखी. टोकाला दाबलं तर वाकतो, मुळाशी नाही. टॅप चालू केलं की प्रश्न मिटतो. दोन बोटांनी पान सरकवणं, तीन बोटांनी खिडकी बदलणं, सगळं नीट.

तळहाताच्या जागेची पुढची कड मात्र मनगटाला रुतते. कीबोर्ड मागे सरकवून पुढे तळहाताला जागा सोडायची चाल १९९१च्या ॲपल पॉवरबुकने रूढ केली, मधोमध ट्रॅकबॉल ठेवून. त्याआधीच्या बहुतेक यंत्रांत कीबोर्ड पुढच्या कडेलाच चिकटलेला असे. ज्या जागेमुळे हाताला आराम मिळायचा, तिचीच कड इथे हाताला सलते. कानस मारली तरी चाललं असतं.

११ जून, बुधवार

बॅटरी. लेबलवर ४२ वॅट-अवर, जाहिरातीत १० तास. ४२ ला १० ने भागलं की सरासरी ४.२ वॅट येतात, आणि एवढ्यात स्क्रीनसकट सगळं भागवायचं. अंधूक पडद्यावर, वायफाय बंद ठेवून भागेलही. आमचं टायपिंग, वायफाय चालू, उजेड ७० टक्के असं धरून ५ तास ४० मिनिटं चालला, म्हणजे सरासरी ७.४ वॅट. व्हिडिओ कॉलवर पावणेतीन तास, १५ वॅटच्या आसपास. टेबलावरच्या कामाला पुरे. फिरणाऱ्यांना चार्जर बरोबर न्यावा लागणार.

चार्जिंग चालू असल्याचं सांगणारा दिवा यंत्रावर कुठेच नाही. गोल पिन अर्धवट बसली तरी बसल्यासारखीच वाटते. काल संध्याकाळी मी लावून गेले, आज सकाळी बॅटरी ६ टक्के. एका दिव्याची बचत.

१३ जून, शुक्रवार

पोर्ट. टाइप-सी आहे, पण ते चार्जिंग घेत नाही, फक्त डेटा. फोनचा चार्जर लावून दोघं फसले, तिसरी मी. शेजारी प्लगची खूण नाही हे खरं, पण नसलेली खूण कोण वाचतो?

यूएसबीची मोठी पोर्ट दोन, दोन्ही आतून काळी. वेगवान पोर्ट आतून निळं ही नुसती रीत आहे, सक्ती नव्हे, आणि इथे ती रीत पाळलेली नाही. स्कॅन केलेल्या पानांचा २० जीबीचा गठ्ठा एकाच बाहेरच्या डिस्कवरून उतरवला. डावीकडून जवळपास ९ मिनिटं, उजवीकडून मिनिटभरात. डावं यूएसबी २.०. त्यावर चिकटपट्टी लावून "माउस" लिहून टाकलं.

१६ जून, सोमवार

नमुना आठवडाभरासाठी टंकलेखनातल्या काकांच्या हवाली. काका वीसेक वर्षं इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठी सरकारने ठरवलेल्या बटणांच्या मांडणीवर) टाइप करतात, न बघता, गप्पा मारत. संध्याकाळी चक्कर टाकली.

"यंत्र बरं आहे हो. पण ओळ पळते."

"पळते म्हणजे?"

"मी इथे लिहितोय आणि अक्षर तिथे."

तळहात टचपॅडला लागत असणार. माझ्या डोक्यात दुसरी शंकाच आली नाही. टचपॅड बंद करून दिला, माउस लावून दिला.

१७ जून, मंगळवार

"पळतेच आहे."

खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या हाताशी बसले. पडद्याकडे न बघता बोटांकडे बघायचं ठरवलं. दहाएक मिनिटं काही नाही. मग खालच्या ओळीत "आढावा" लिहायला त्यांनी सुरुवात केली आणि वरच्या ओळीतल्या "दर महिन्याला"चं "दार महिन्याला" झालं. माझ्यासमोर. शब्द तपासणाऱ्या प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही, कारण दार हाही शब्दच आहे.

पुन्हा तेच करायला सांगितलं, हळू. करंगळी उजव्या शिफ्टकडे गेली, नेहमीसारखी लांबवर, आणि पडली ती शिफ्टच्या पलीकडे, वर जायच्या बाणावर. कर्सर एक ओळ वर चढला. डाव्या हाताने त्याच क्षणी ई दाबलं होतं. इनस्क्रिप्टमध्ये नुसतं ई म्हणजे काना, शिफ्टसकट ई म्हणजे आ. शिफ्ट लागलीच नव्हती, म्हणून नुसता काना वरच्या ओळीतल्या द ला जाऊन चिकटला.

याहून वाईट प्रकार पाऊण तासाने पाहिला. करंगळी शिफ्ट आणि बाण दोन्हींवर एकदम पडली. शिफ्ट आणि बाण मिळून मधला मजकूर निवडला जातो. पुढचं अक्षर उमटलं, निवडलेलं सगळं गेलं, त्या जागी एकटा "आ". काकांनी डोळासुद्धा न हलवता कंट्रोल-झेड मारलं. त्या सफाईवरूनच कळलं की काल दिवसभर हेच चाललं होतं.

मग मी कळफलकच मांडून बसले. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा, काना, वेलांट्या, उकार सगळे डाव्या हाताला, आणि त्यांचेच सुटे स्वर त्याच बटणांवर शिफ्टसकट. आ, ई, इ, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ, डी वर अ, आणि सी वर ण. डाव्या हाताने अक्षर दाबायचं म्हणजे शिफ्ट उजवीच. काकांना एक वाक्य दिलं: "आई आणि आजी आल्या". चार शब्द, सहा वेळा उजवी शिफ्ट. "आणि"तच दोनदा, आणि मराठीत "आणि"वाचून पान सरत नाही.

मला आठवडाभर हे दिसलं कसं नाही? कारण मी फोनेटिकवाली, इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने मराठी टाइप करणारी. माझी आई ए-ए-आय-आय अशी येते, शिफ्टशिवाय. ण ला मोठा एन लागतो, तो उजव्या हाताला, म्हणून शिफ्ट डावी. टेबलावर परत येऊन माझा नेहमीचा कीबोर्ड पाहिला. उजव्या शिफ्टवर धूळ आहे. काकांच्या जुन्या कीबोर्डावर तीच शिफ्ट झिजून चकाकतेय, तीही सगळी नाही, बाहेरचं टोक तेवढं.

१८ जून, बुधवार

पट्टी घेऊन मापं. काकांच्या जुन्या कीबोर्डाची उजवी शिफ्ट ५२ मिलिमीटर. नमुन्याची १७. त्याला लगटून १७ मिलिमीटरचा वरचा बाण. नमुन्याची डावी शिफ्ट मात्र अख्खी, ४३. करंगळी ज्या टोकाला वीस वर्षं टेकतेय, ते टोक इथे बाणाच्याही पुढे जातं.

हे कोणी वेंधळेपणाने केलं असं मला वाटत नाही. तेवढ्याच रुंदीत आकड्यांचा पट्टाही हवा आणि बाणही पूर्ण आकाराचे हवेत, तर कोणीतरी अंग चोरायचं. इंग्रजी टाइप करणाऱ्याला कॅपिटल लागतं ते वाक्याला एखादं, आणि बरेच जण डाव्या शिफ्टवरच भागवतात. तिकडच्या हिशेबात हा फुकटचा फायदा.

काकांना परवाचाच एक मजकूर पुन्हा टाइप करायला दिला, सुमारे ३०० शब्द. उजवी शिफ्ट १३४ वेळा, त्यात ११ वेळा बोट चुकलं. सात चुका त्यांनी तिथल्या तिथे धरल्या. चार मला वाचताना सापडल्या, त्यातली एक दुसऱ्या वाचनात.

२ तारखेचा तक्ता काढून पाहिला. प्रोसेसर २५, कीबोर्ड-टचपॅड ५. त्यावर आडवी रेघ मारली. नवा आखलेला नाही. आधी कोण दिवसाचे किती तास काय करतं ते लिहून काढते.

२० जून, शुक्रवार

उपाय शोधतेय. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये बटणं बदलायची सोय आहे. वरच्या बाणाला उजवी शिफ्ट करून टाकलं, म्हणजे दोन्ही मिळून ३४ मिलिमीटर. काकांची ओळ पळायची थांबली. तासाभराने हाक आली, "आता वर जायचंच नाही का?"

जायचं. नमलॉक बंद करून आकड्यांच्या पट्ट्यावरच्या आठने. ते त्यांना पसंत पडलं नाही, आणि पडावं असा माझाही आग्रह नाही. शिवाय पॉवरटॉइज मागे चालू असेल तेवढ्यापुरतंच हे चालतं, लॉगिनच्या पडद्यावर नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या कोठारात, स्कॅनकोड मॅप (बटणांच्या अदलाबदलीची नोंद) घालून हे पक्कं करता येतं, पण मग ते यंत्रावरच्या सगळ्यांना लागू. नऊ यंत्रांचा कायमचा बाण काढून घेणं हा उपाय म्हणून कागदावर लिहायला हात धजत नाही.

काकांनी स्वतःचा इलाज केला. बाणावर फेल्टचा गोल तुकडा चिकटवला. बोट पडलं की मऊ लागतं, कळतं. चुका निम्म्यावर आल्या.

२४ जून, मंगळवार

किरकोळ. तासभराच्या व्हिडिओ कॉलनंतर कीबोर्डच्या वरच्या भागाचं तापमान ४३ अंश. धातूचं अंग असतं तर हेच ४३ जास्त चटकले असते, प्लास्टिक उष्णता सावकाश सोडतं. पंखा ऐकू येतो, त्रास होत नाही. हवा तळातून आत जाते, तेव्हा गादीवर, उशीवर ठेवायचा नाही. ८ जीबीतली थोडी ग्राफिक्सला जाते. कॉल आणि पंधरा टॅब एकदम उघडले की खिडकी बदलताना अडखळतो. कॅमेरा ७२०पी, म्हणजे नऊ लाखांच्या थोडे वर ठिपके, चेहरा ओळखू येण्याइतका. त्याला सरकतं झाकण आहे हे चांगलं. ते बंद असताना काळा पडदा का दिसतो म्हणून तिघांनी दहा मिनिटं सेटिंग धुंडाळली, हे आमचं.

२७ जून, शुक्रवार

परवानगी आली, तळ उघडला. दहा स्क्रू, त्यातले दोन मागच्या रबरी पायांखाली. पाय एकदा सोललेत, पुन्हा तसे बसणार नाहीत. कडेच्या खिट्ट्या जुन्या एटीएम कार्डाने सोडवल्या.

रॅमची एक जागा रिकामी आहे, ही आजवरची सगळ्यात चांगली बातमी. दुसरी पट्टी घातली तर दोन्ही वाटांनी काम चालेल आणि अडखळणं कमी होईल. एसएसडी एका स्क्रूवर, बदलता येण्यासारखी. बॅटरी चिकटवलेली नाही, स्क्रूंवर आहे. ज्याने आतली मांडणी केली त्याने दुरुस्ती करणाऱ्याचा विचार केलाय.

बिजागऱ्या. प्रत्येकीला तीन स्क्रू, आणि ते ज्यात बसतात ते पितळी नट प्लास्टिकच्या खुंट्यांत गरम करून दाबलेले. डावीकडच्या खुंट्या नव्यासारख्या. उजवीकडच्या मधल्या खुंटीच्या बुडाशी केसाएवढी पांढरट रेषा. भिंग धरून पाहिलं, तडा नाही, पण प्लास्टिक ताण सोसताना असंच पांढरं पडतं. साडेतीन आठवड्यांत, आणि कोपरा धरणारे आठ जण होते तो हाच कोपरा. फोटो काढून ठेवला.

३० जून, सोमवार

पाच जणांकडून एसयूएस भरून घेतला. जॉन ब्रूक यांनी १९८६ साली केलेली दहा विधानांची प्रश्नावली. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण, मग विषम विधानांच्या गुणांतून एक वजा, सम विधानांचे गुण पाचातून वजा, बेरजेला अडीचने गुणायचं. विधानं मराठीत मीच केली, त्यात थोडी सैल झाली असतील.

मॅडम ८०, त्यांचे मदतनीस ७७.५, मी ७२.५, फिरणाऱ्यांपैकी एक ६५, काका ४५.

सरासरी ६८. ठरवून केल्यासारखी, कारण या प्रश्नावलीची सर्वसाधारण सरासरी म्हणून सगळीकडे सांगितला जाणारा आकडाही ६८च. (हे शंभरातले ६८ टक्के नव्हेत, पण ते लोकांना पटवता पटवता मी म्हातारी होईन.) सरासरी वाचून साहेब म्हणतील, चारचौघांसारखा आहे, घ्या. आणि ४५ देणारा माणूस ज्या नऊ टेबलांचा आहे तिथे हे यंत्र दिवसाचे सात तास चालणार. ८० देणारं टेबल दोन यंत्रांचं. अहवालात सरासरी लिहीत नाही. पाच आकडे तसेच ठेवते, पुढे तास.

इनस्क्रिप्टवाल्या आणखी दोघींना अर्धा-अर्धा दिवस बसवलं. दोघींच्याही ओळी पळाल्या. एकीने विचारलं, "हे यंत्र बिघडलेलं आहे का?"

२ जुलै, बुधवार

बैठक. साहेबांनी एक पान मागितलं होतं, एकच दिलं. पहिली ओळ: "उजवी शिफ्ट किमान ४० मिलिमीटर हवी." त्यांनी ती दोनदा वाचली आणि प्रोसेसर कुठल्या ओळीत आहे ते विचारलं. सातव्या. प्रोसेसरबद्दल कोणाची तक्रारच आलेली नाही.

नऊ जणांना बाहेरचे कीबोर्ड द्यावेत अशी सूचना आली. टेबलावर चालेल. पण मग स्क्रीन हातभर मागे जाते, आणि अनुस्वार बघायला पुढे झुकलं की टीएनचा रंग बदलतो. काकांनी ते बसून दाखवलं, वाद तिथेच संपला.

ठरलं ते असं. हिशेबाकडच्या दोघांना हाच, दुसरी रॅमपट्टी घालून, चालू-बंदचं बटण आधीच निकामी करून, "मधोमध धरून उघडा" अशी चिठ्ठी चिकटवून. बाकी बारांसाठी आकड्यांचा पट्टा नसलेला १४ इंची नमुना मागवायचा. पॅनेल आयपीएस, म्हणजे वर-खालून पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारं, असल्याचं लेखी हवं. पट्टा गेला की शिफ्टला जागा मिळते, निदान चित्रात तरी मिळालेली दिसते.

४ जुलै, शुक्रवार

जुना नमुना पुसून, डेटा काढून, परत खोक्यात. फेल्टचा तुकडा काकांनी नखाने सोलून काढला आणि खिशात ठेवला. डाव्या पोर्टवरचा "माउस" तसाच गेला.

नवा नमुना दुपारी आला. मी चार्जर लावायला वाकले तर काका म्हणाले, "थांबा." झाकण उघडलं. एका हाताने उघडलं, बूड जागचं हललं नाही. काळ्या पडद्यासमोर बसून त्यांनी हात ठेवले आणि बंद यंत्रावर टाइप केलं, ओठ हलवत: आई आणि आजी आल्या. मी करंगळी मोजत होते. सहाही वेळा शिफ्टवर.

"लावा आता," म्हणाले.